बेचाळीस दिवसांचा खाडा

(शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या रात्री केलेले निरूपण. बोलले तसे उतरवून घेतले आहे.)



आज अभंग घेतलेला नाही. विणेकरी बुवांनी मघाशी विचारलं, महाराज, सेवेला अभंग कोणता? म्हटलं, आज नुसतं बोलायचं आहे. टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवावेत, मृदंगवाल्या दादांनी जरा पाठ टेकावी. शंभर वर्षांच्या सोहळ्यात मागच्या पिढ्यांचं कौतुक झालं, ते व्हायलाच पाहिजे. मला पुढच्या दिवसांचं एक काम मांडायचं आहे. मी चौथी शिकलेला माणूस, त्यामुळं मोठे शब्द येणार नाहीत याची काळजी नको.

विषय अवयवदानाचा. हा विषय निघाला की सगळे वक्ते दधीची ऋषीपाशी जातात. मीही कीर्तनात कितीदा गेलो असेन. दधीचीनं हाडं दिली, देवांनी त्याचं वज्र केलं. गोष्ट मोठीच आहे. पण माउली, दधीची हाडं देऊन परत घरी आला नाही. त्याला दुसऱ्या दिवशी म्हशीची धार काढायची नव्हती. शिबी राजानं कबुतरासाठी मांडीचं मांस कापून तराजूत टाकलं. तिथं देव प्रकट झाले आणि राजाचं अंग होतं तसं झालं. आपल्याकडची बाई पोराला किडनी देते, तेव्हा कुणी देव येऊन टाके भरून देत नाही. टाके त्यांच्या वेळेनंच भरतात. तेवढे दिवस तिचं घर कोण चालवतं, हा माझा आजचा विषय.

आधी साधी माहिती. माणसाला दोन किडन्या असतात. एक दिली तरी दुसरी काम सांभाळते. लिव्हरचा तुकडा दिला तर राहिलेलं लिव्हर दोन-तीन महिन्यांत बहुतेक भरून येतं. म्हणून ही दोन दानं जिवंत माणूस करू शकतो. देणारा अठरा वर्षांच्या पुढचा पाहिजे आणि निरोगी पाहिजे. कायद्यानं जवळचे नातेवाईक कोण ते ठरवलेलं आहे: नवरा-बायको, आईबाप, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीपासून आजा-आजी, नातू-नातसुद्धा. त्यापलीकडचा कुणी देणार असेल तर सरकारी समिती तपासते की हा मायेनं देतोय का पैशासाठी. अवयवाची खरेदी-विक्री केली तर पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. दलालाच्या नादाला कुणी लागू नये.

आता एक घडलेलं सांगतो. गावाचं नाव घेत नाही, त्या घरची माणसं मंडपात असतील तर अवघडतील. मी एका गावाला सप्त्याला जातो. एका वर्षी जेवण ज्या घरी होतं, त्या घरचा पोरगा बावीस वर्षांचा, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा जिल्ह्याला डायलिसिस. पहाटेच्या एसटीनं जायचं, चार तास मशीनला पडून राहायचं, दिवस मावळताना परत. असं दीड वर्ष. बाप म्हणाला माझी किडनी घ्या, तर बापाला साखर निघाली. मग आईची जुळली. ऑपरेशन सरकारच्या योजनेत झालं, पोरगा वाचला. आजही बरा आहे, पांडुरंगाची कृपा.

पाचव्या दिवशी आईला घरी सोडलं. डॉक्टरांनी बजावलं, दीड महिना जड काही उचलायचं नाही. घागर नाही, भारा नाही, पोतं नाही, वाकून खुरपायचं नाही. आता मला सांगा, आमच्या बाईच्या दिवसातून घागर, भारा, पोतं आणि खुरपं काढलं तर शिल्लक काय राहतं?

गावानं स्वागत चांगलं केलं. वेशीपासून वाजवत आणलं, बायांनी ओवाळलं, शाल घातली, फोटो निघाला. चौथ्या दिवसापासून दारात कुणी नाही. पोराला जंतूंची भीती, म्हणून त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचा. त्याचं औषधपाणी वेळेवर व्हायचं तर बापानं घरी थांबायचं. म्हणजे बापाची मजुरी बंद, आईची बंद, पोराची दीड वर्षापासून बंद. कांद्याची लागण तोंडावर. तिसऱ्या आठवड्यात दुभती म्हैस विकली. आणि अठराव्या दिवशी ती माउली डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येताना शेजारणीनं बघितली. टाक्यांना सूज आली, डॉक्टर रागावले. ती मला वाढता वाढता म्हणाली, “बुवा, वैरणीला काय ऑपरेशन कळतंय व्हय?”

किडनी तिनं फुकट दिली. कायद्यानं फुकटच द्यायची असते आणि तेच योग्य आहे. पण देण्यापायी घरची दुभती म्हैस गेली. हा हिशेब कुणाच्या वहीत लिहायचा?

हे एका घराचं आहे असं समजू नका. माझी नात नर्सिंगला आहे, तिनं मला आकडे वाचून दाखवले. २०२३ साली आपल्या देशात १८ हजारांवर अवयव बदलले गेले. त्यांत जिवंत माणसांनी दिलेले १५ हजारांवर. आणि त्या जिवंत देणाऱ्यांत शंभरात साधारण त्रेसष्ट बाया. घेणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. मी नातीला म्हटलं, बायांच्याच किडन्या बऱ्या जुळतात गं? ती हसली. म्हणाली, “आबा, पुरुषांच्या तपासायलाच नेत नाहीत. तो कमावता आहे म्हणतात.” आता कमावता म्हणजे काय? पहाटे चारला उठून रात्री दहाला पाठ टेकणारी कमावती नाही का? तिला रोज कुणी हातावर ठेवत नाही, एवढंच. बायको आजारी पडली तर किती नवऱ्यांनी आपलं रक्त तपासायला दिलं, ते ज्यानं त्यानं आपल्या गावात मोजावं.

२०१४ च्या सरकारी नियमात एक गोष्ट लिहिली आहे, ती सगळ्या बायांनी कानात साठवून ठेवा. देणारी बाई असेल तर जास्त खबरदारी घ्यायची, आणि ती स्वतःच्या मनानं देतेय का याची खात्री, जो घेणार आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायची. म्हणजे तुमचं नाही हे नाहीच असलं पाहिजे. सासू म्हणाली, भावकी म्हणाली, माहेरी पाठवू म्हणाले, म्हणून दिलेली किडनी हे दान नव्हे, ती वसुली झाली. डॉक्टरांना एकांतात सांगा, मला द्यायची नाही. दान मनाचं असतं. दिलं नाही म्हणून कुठली आई, कुठली सून कमी होत नाही.

आता मूळ दुखणं बघा. जिवंत माणसाला टेबलावर का घ्यावं लागतं? कारण मेलेल्याचं कुणी देत नाही. त्याच २०२३ सालात मेल्यानंतर अवयव दिलेली माणसं अख्ख्या देशात अकराशेच्या आसपास. एवढा मोठा देश, आणि अकराशे! रस्त्यावर रोज गाड्या आदळतात, डोक्याला मार लागून माणसं जातात, आणि चालणारं काळीज, चांगल्या किडन्या, चांगलं लिव्हर चितेवर राख होतं. एका माणसाच्या दोन किडन्या दोघांना लागतात. म्हणजे दोन घरच्या आयांना टेबलावर जायला नको. म्हणून मी म्हणतो, जिवंत देणाऱ्याला सगळ्यात मोठी मदत हीच, की मेल्यावर द्यायची रीत गावोगाव पडावी.

ह्यात भीती कुठली कुठली असते ते मला ठाऊक आहे. डॉक्टर जिवंतपणीच काढून घेतील काय? नाही. मेंदू मेला हे चार डॉक्टरांनी तपासायचं असतं, आणि सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासायचं. अवयव बदलणारे डॉक्टर त्यात नसतात. देह विद्रूप करतात काय? नाही, शिवून, नीट करून घरच्यांच्या ताब्यात देतात, अग्नी देता येतो, माती देता येते. पुढच्या जन्मी आंधळा होईल काय? ह्याचं उत्तर मी देतो, कारण हे माझं खातं आहे. आपला सगळा संप्रदाय सांगतो की देह दोन दिवसांचा, तो परोपकारी लावावा. आणि शेवटी आपण काय करतो? लाकडं रचतो आणि जाळतो. जाळलेल्या डोळ्यांनी पुढच्या जन्मी दिसतं आणि दुसऱ्याला दिलेल्या डोळ्यांनी दिसणार नाही, हा हिशेब कुठल्या पोथीत आहे तो मला दाखवावा, मी वीणा खाली ठेवीन. आणि डोळ्यांचं बरं आहे, ते घरी मरण आलं तरी देता येतात. सहा तासांच्या आत कळवायचं, डोळ्यांवर ओला बोळा ठेवायचा, डोक्यावरचा पंखा बंद करायचा. म्हाताऱ्याचेही चालतात. आमच्यासारख्यांना सोईचं.

एक मात्र ध्यानात ठेवा. तुम्ही फॉर्म भरला, कार्ड खिशात ठेवलं, तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागते. म्हणून आज घरी गेल्यावर बायकोला, पोरांना बसवून तोंडानं सांगा. ज्या घरात आधी बोलणं झालेलं असतं, तिथं रडतारडताही ‘हो’ म्हणायला जमतं. डॉक्टर मधेच येऊन पहिल्यांदा विचारतो, तेव्हा माणसं बावरतात. सरकारनं ३ ऑगस्ट हा अवयवदान दिवस ठरवला आहे. १९९४ साली ३ ऑगस्टला दिल्लीत एम्समध्ये देशात पहिल्यांदा यशस्वीपणे हृदय बदललं, त्याची ती तारीख. त्याच वर्षी कायदा झाला, आणि आपला महाराष्ट्र तो सुरुवातीलाच लागू करणाऱ्या राज्यांत होता. आषाढी होऊन माणसं घरी परततात आणि थोड्याच दिवसांत ही तारीख येते. गावोगावी एकादशीला भजन असतंच, त्यात ह्यावर पाव तास बोललं तर भजनाला कमीपणा येत नाही.

आता खाड्याकडे येतो. केंद्र सरकारनं २५ एप्रिल २०२३ ला एक आदेश काढला. केंद्राच्या नोकरीतल्या माणसानं अवयव दिला तर त्याला ४२ दिवसांची खास रजा, पगारासकट. त्याच्या नेहमीच्या रजेतून कापायची नाही. दवाखान्यात दाखल झाल्या दिवसापासून मोजायची, डॉक्टरांनी लिहून दिलं तर आठवडाभर आधीपासून. फार चांगला आदेश आहे. सरकारनं मान्य केलं की देणाऱ्याला सावरायला एवढे दिवस लागतात. पण ह्या मंडपात केंद्राची नोकरी कुणाला आहे? पोस्टातले एक दादा दिसतायत, रेल्वेतून निवृत्त झालेले एक तिकडं बसलेत. बाकी आपण सगळे बिनपगारी. अंग दोघांचं सारखंच चिरतं, टाके सारखेच पडतात. एकाला ४२ दिवस रजा, दुसऱ्याला ४२ दिवस खाडा.

राज्यानं काही केलं नाही असं म्हणणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी बदलाची मर्यादा अडीच लाखांची साडेचार लाख केली. सरकारी दवाखान्यात अवयव बदललेल्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला औषधासाठी महिन्याला १० हजारांपर्यंत द्यायची केंद्राचीही योजना आहे. पण ते दवाखान्याचं झालं, आजाऱ्याचं झालं. देणाऱ्याच्या रानातल्या कांद्याला त्यातून पाणी मिळत नाही.

कुणी म्हणेल, देणाऱ्याला पैसे दिले तर ती विक्री होईल. नातीला मी कायदा दोनदा वाचायला लावला. १९९४ च्या कायद्यातच लिहिलंय, की अवयव देण्यापायी देणाऱ्याचा जो खर्च झाला आणि जी कमाई बुडाली, ती भरून देणं ही किंमत धरली जात नाही. शब्द तिथं आहेत. त्या शब्दांमागं पैसा ठेवायचा राहिला आहे. आपण ज्यांच्याकडनं ठिबक शिकलो त्या इस्रायल देशानं २००८ साली कायदा करून देणाऱ्याला ४० दिवसांची बुडालेली मजुरी द्यायचं ठरवलं. आपल्यालाही अवघड नाही. रोजगार हमी महाराष्ट्रानंच देशाला दाखवली. २०२५-२६ चा आपला रोहयोचा दर ३१२ रुपये रोज. बेचाळीस दिवसांचे झाले १३ हजार १०४ रुपये. एवढे मिळाले असते तर त्या माउलीची म्हैस दावणीला राहिली असती. आपल्या दिंडीच्या सगळ्या गावांनी ग्रामसभेत हा ठराव घ्यावा, की ज्याला पगारी रजा नाही अशा देणाऱ्याला रोहयोच्या दरानं ४२ दिवस द्यावेत. ठराव तहसीलदारांकडं जावा, आमदारांकडं जावा. मागणी सरळ आहे, ती कुठल्या पक्षाची नाही.

पण सरकारचं होईल तेव्हा होईल. तोवर कांदा थांबत नाही. म्हणून दिंडीचं सांगतो.

आळंदीहून पंढरीला जायला आपल्याला विसाएक दिवस लागतात. बेचाळीस दिवस म्हणजे दोन वाऱ्या. आता आठवा, आपण वारीला निघतो ते दिवस कसले? ज्येष्ठ-आषाढाचे, पेरणीचे. पाऊस मागं पडो की पुढं, पालखी निघाली की निघायचं. मग आपल्या रानात कुळव कोण धरतं? भाऊ धरतो, शेजारी धरतो. म्हातारीला औषध कोण देतं? शेजारीण देते. शंभर वर्षं दिंडी चालली ती चालणाऱ्यांच्या पायांवर, तशीच मागं राहून दुसऱ्याचं रान सांभाळणाऱ्यांच्या हातांवर. त्यांची नावं ह्या स्मरणिकेत नाहीत, संपादक मंडळींनी जागा असेल तर दोन ओळी घालाव्यात. जी रीत वारीला आहे तीच किडनी देणाऱ्याच्या घराला लावायची. सावड आपल्याला ठाऊक आहे, इर्जिक ठाऊक आहे. इर्जिकीला चार औतं एका दिवसात शेत उलटं करतात. नवं काही शिकायचं नाही.

दिंडीच्या कुठल्याही गावात कुणी किडनी किंवा लिव्हर दिलं, तर त्या घरचे ४२ दिवस गावातल्या वारकऱ्यांनी वाटून घ्यायचे. लिव्हर दिलेल्याला जास्त दिवस लागतात, तिथं डॉक्टर सांगतील तेवढे. सकाळ-संध्याकाळची धार, वैरण, पाणी हे पुरुषांनी करायचं. हो, पुरुषांनीच. नाहीतर एका बाईचं काम दुसऱ्या बाईच्या डोक्यावर जायचं आणि आम्ही पारावर बसून दानाचं माहात्म्य सांगायचं, असं नको. रानातलं काम सावडीनं. भिशीतून दर वर्षी जे धान्य शिल्लक राहतं त्यातून त्या घरी दीड महिन्याचं जोंधळं-तांदूळ पोचवायचं. आणि हे सगळं आधी ठरवायचं, ऑपरेशनची तारीख पडली की लगेच, म्हणजे ती बाई टेबलावर जाताना म्हशीचा विचार करणार नाही. माझ्यापुरतं सांगतो, ह्या वर्षी सप्त्यांची जी बिदागी मिळेल तिचा निम्मा भाग ह्या कामाला. दुसऱ्या कीर्तनकारांना मी सांगत नाही, ते मोठे आहेत, त्यांचं ते बघतील.

आणि बेचाळीस दिवस झाले की विसरायचं नाही. देणाऱ्यानं वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि बीपी तपासून घ्यायचं. त्याला कुणीतरी आठवण करायची, गाडीवर बसवून न्यायचं. अंग दुखलं की आपण मेडिकलमधून गोळी आणतो आणि गिळतो. एक किडनी असलेल्यानं ते मुळीच करू नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊ नये. खरं तर दोन असलेल्यांनीही सवय सोडावी, त्या पोराच्या किडन्या गेल्या तशा आणखी कुणाच्या जायला नकोत. साखर आणि बीपी तपासत जा. वारीच्या वाटेवर आरोग्यवाले फुकट तपासतात, तिथं रांगेत उभं राहायला आपल्याला लाज वाटते आणि चहाच्या रांगेत वाटत नाही.

दोन वह्या केल्या आहेत, विणेकरी बुवांच्या राहुटीत ठेवल्या आहेत. एका वहीत ज्यांना मेल्यानंतर अवयव द्यायचे आहेत त्यांची नावं, पण घरच्या एका माणसाला बरोबर आणूनच लिहायची, त्याचीही सही पाहिजे. पोरं मोबाईलवर आधार क्रमांकानं सरकारी नोंदही करून देतील. दुसऱ्या वहीत, कुणाच्या घरचा खाडा भरायला वर्षातले किती दिवस देणार ते लिहायचं. एक दिवस लिहिला तरी चालेल. अंगठा चालतो. अधिक विचारायचं असेल तर सरकारचा फुकटचा फोन आहे, १८०० ११ ४७७०, तो दोन्ही वह्यांच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे.

काल्याचं कीर्तन सकाळी दहाला आहे. तोवर वह्या उघड्या आहेत. रामकृष्णहरी.